जागा, कागद आणि माणूस

आपल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत एका पिढीपूर्वी नोकरदाराची शिल्लक पोस्टात, सोन्यात किंवा गावाकडच्या शेतात जात असे. आता ती प्लॉटमध्ये जाते. शिक्षक, कारकून, दुकानदार आपापला उद्योग सांभाळून एखादा प्लॉट घेतात, जमल्यास दोन खोल्या बांधून भाड्याने देतात. यात वावगे काही नाही. उतारवयाची सोय करणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. मात्र या व्यवहारात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. जागा बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते, तेव्हा उरलेली किंमत कोण मोजतो?

जाणकार मंडळी सांगतात, कागद नीट पाहा. हा सल्ला पैसे बुडू नयेत म्हणून दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण थोडा विचार केला तर ध्यानात येईल की प्रत्येक कागदामागे एक माणूस उभा असतो. कागद पाहणे म्हणजे त्या माणसाची विचारपूस करणे होय.

बहिणीच्या सहीचे उदाहरण घ्या. वडिलोपार्जित जमीन विकायला भाऊ येतो. बहीण सीमेपलीकडे उदगीरला किंवा निलंग्याला दिलेली असते. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ सालीच केली. २००५ मध्ये तो हक्क देशभर आला, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये केला. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करणाऱ्या बहिणी आपण पाहतो. कायद्याला सही पुरते. घेणाऱ्याने मात्र एकदा त्या बाईला समक्ष भेटून विचारावे, "ताई, तुम्हाला हा व्यवहार मान्य आहे ना? तुमचा वाटा मिळाला ना?" याने पुढचा दावा टळतो आणि आपले मनही स्वच्छ राहते.

दुसरे उदाहरण सरकारने अनुसूचित जातीजमातींच्या कुटुंबांना मंजूर केलेल्या जमिनींचे. अडीअडचणीत सापडलेल्या कुटुंबाकडून अशी जमीन कवडीमोलाने घेतली जाऊ नये म्हणून कर्नाटकात १९७८ चा कायदा आहे. सरकारच्या परवानगीविना झालेले अशा जमिनीचे हस्तांतर रद्दबातल ठरते. जमीन परत मागण्याला मुदतीचे बंधन नाही, अशी दुरुस्तीही २०२३ मध्ये झाली. चालू पहाणीवर विक्रेत्याचे नाव आहे एवढ्यावर भागत नाही. जमीन मुळात कोणाला आणि कशी मिळाली, इथपर्यंत मागे जावे. तिथे असे कुटुंब आढळले तर वकील शोधण्याआधी आपण काय विकत घेत आहोत, हे स्वतःला विचारावे.

तिसरा कागद बिनशेतीच्या परवानगीचा. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाप्रमाणे शेतजमीन घरांसाठी वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिच्यापाठोपाठ मंजूर नकाशा, रस्ते, गटारे, मोकळी जागा हे सारे येते. नुसते चुन्याचे पट्टे मारून पाडलेले प्लॉट म्हणूनच स्वस्त असतात. आपण तिथे राहणार नसतो, त्यामुळे आपल्याला चालते. चार वर्षांनी चढ्या भावाने विकून आपण मोकळे होतो. पण शेवटी कोणीतरी तिथे घर बांधतोच. पावसाळ्यात अंगणात पाणी आणि नगरपालिकेत खाते नाही, हे भोगणे त्याच्या नशिबी येते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर विक्रीसाठी प्लॉट पाडले असतील, तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी आहे का, तेही पाहावे.

आपल्या भागात आणखी एक अडचण भाषेची आहे. निजामाच्या काळचे दस्त उर्दूत, घरातली जुनी टिपणे मोडीत आणि आजची पहाणी कन्नडात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. त्यामुळे कित्येक कुटुंबांची एक जमीन सातबाऱ्यावर तर दुसरी पहाणीवर आहे. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्यावर दलालाच्या तोंडी भाषांतरावरून सही करू नये. कन्नड शाळेत शिकणारी मुले घरोघरी आहेत. त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. मुलांनाही व्यवहार कळतो.

आता भाड्याचा हिशोब. समजा, पंधरा लाखांचे घर आहे आणि महिना पाच हजार भाडे येते. वर्षाचे साठ हजार झाले. दोन महिने घर रिकामे राहिले, कर आणि डागडुजीला आठ हजार गेले, की हाती उरतात बेचाळीस हजार; म्हणजे शेकडा तीनसुद्धा नाही. घरकर्जाचे व्याज याहून कितीतरी अधिक. म्हणून भाड्यावर हप्ता फिटेल या भरवशावर कोणी कर्ज काढू नये. ज्याचा हप्ता भाड्यावर अडकलेला असतो, तो मालक अडचणीतल्या भाडेकरूला महिनाभरही थांबू शकत नाही. त्याचा स्वभाव वाईट नसतो; त्याचा हिशोब त्याला चांगले वागू देत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच या वाटेला जावे.

भाडेकरू निवडताना जातपात, धर्म, भाषा पाहण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. पुण्यात किंवा बेंगळुरात आपल्या मुलाला खोली नाकारली गेली की आपल्याला दुःख होते. तेच दुःख आपल्या दारातून कोणाला घेऊन जायला लावू नये. करार लेखी असावा, भाड्याची पावती द्यावी, अनामत घर सोडताना हिशोबासह परत करावी.

कोणी म्हणेल, गुरुजी, एवढे पाहत बसले तर व्यवहारच होणार नाही. काही व्यवहार होणार नाहीत, हे खरे. जो व्यवहार माणसाकडे पाठ फिरवल्यावाचून जमत नाही, तो हातचा गेला तर हळहळू नये.

बाराव्या शतकात आपल्या कल्याणात बसवण्णांनी कायक आणि दासोह ही शिकवण दिली. कमाई श्रमाची आणि सचोटीची असावी, आणि तिच्यात समाजाचा वाटा असावा. घरबसल्या येणारे भाडे या कसोटीला उतरेल का? माझ्या मते उतरेल, पण आपोआप नव्हे. कागदामागच्या माणसाला शोधणे, गळके छप्पर वेळेवर दुरुस्त करणे, ज्याचा वाटा त्याला पोचला आहे याची खात्री करणे, हे मालकाचे कायक आहे. ते केले तर भाड्याच्या पैशालाही कष्टाची कमाई म्हणता येईल.