आपला वधस्तंभ कोणता?

"काय करावे, हा माझा वधस्तंभ आहे!" हे उद्गार आपल्या मंडळ्यांत वारंवार कानी पडतात. गुडघे धरले, मुलाला नोकरी लागत नाही, नवरा दारू पिऊन येतो, साहेब छळतात. सगळ्यांना आपण एकच नाव देऊन टाकतो. ही दुःखे खरी आहेत, त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण प्रभूने वधस्तंभ उचला म्हटले ते याविषयीच काय? हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. त्याच्या उत्तरावर काही जिवांचे बरेवाईट अवलंबून आहे.

आपल्या मराठी शास्त्राने 'वधस्तंभ' हा शब्द ठेवला हे फार बरे झाले. गोव्यात वाटेवर चुन्याने रंगवलेला खुरीस दिसतो, आपल्यापैकी कित्येकांच्या गळ्यात सोन्याचा क्रूस असतो, आणि डोळ्यांना त्याची सवय होऊन जाते. वधस्तंभ म्हटले म्हणजे मात्र जीव घेण्याचा खांब हे लपत नाही. रोमी सत्ता ही शिक्षा मुख्यतः गुलामांना व बंडखोरांना देई. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे ६००० गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने खांबांवर चढवण्यात आले. प्रभूचे शब्द ज्यांनी प्रथम ऐकले त्यांना वधस्तंभ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसेल. गुडघेदुखी तर त्यांच्या मनातही आली नसेल.

प्रभूच्या बोलण्यात 'उचलणे' आहे. जे आपल्यावर येऊन पडते ते आपण उचलत नाही. कुरेनेकर शिमोनाचे पाहा. शेतावरून येत असताना त्याला शिपायांनी वेठीस धरले (मार्क १५:२१). त्याने वधस्तंभ वाहिला खरा, पण ती वेठ होती. पुढे त्याच्या मुलांची, आलेक्सांद्र व रूफ यांची नावे मार्क ओळखीच्या माणसांसारखी लिहितो, त्यावरून त्या वेठीतूनही देवाने काही चांगले केले असावे असे आम्हांस वाटते. पण म्हणून वेठीस धरणारे शिपाई देवाचे काम करीत होते असे कोणी म्हणेल काय?

उलट, आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असे प्रभू सांगतो (योहान १०:१८). आणि हाच प्रभू नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटू पाहत होते तेव्हा त्यांच्यामधून निघून गेला. गेथशेमाने बागेत त्याने प्याला टळावा अशी प्रार्थना केली. दुःखाची त्याला हौस नव्हती. पौलही दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसून निसटला, आणि यरुशलेमेत फटके मारणार तोच त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. त्याने वधस्तंभ टाकून दिला असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा भेद स्पष्ट दिसतो. कोवळ्या वयात दुष्काळाने त्यांचे आईवडील व बहीण नेली. ते दुःख त्यांनी मागितले नव्हते, निवडलेही नव्हते. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा उपासमार म्हणजे काय हे अंगावर सोसलेली हीच बाई आपण होऊन तिकडे गेली, आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आली. त्यांना राहायला, जेवायला, शिकायला केडगावची जागा मिळाली. पहिला दुष्काळ हा रमाबाईंचा वधस्तंभ नव्हे. दुसऱ्या दुष्काळात त्यांनी तो उचलला.

लूकाने 'दररोज' हा शब्द घातला आहे (९:२३). रोज केडगाव उभारायचे नसते. मंडळीच्या हिशेबात खोट दिसली असता सही नाकारणे, मग सभेत आपल्या शेजारी कोणी बसेनासे होणे, हाही रोजचाच प्रकार आहे. (जमिनीचे व इमारतींचे तंटे ज्या मंडळ्यांत चालतात त्यांना याहून अधिक सांगायला नको.) अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणारी सून आपल्याला माहीत असते. त्या वेळी तिचा नवरा व दीर काय करतात हेही आपण पाहावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना येथे एक विनंती. उत्तम शुक्रवारच्या आधी मुलांकडून पुठ्ठ्याचे क्रूस जरूर करून घ्या, पण 'वधस्तंभ म्हणजे मुकाट्याने सोसणे' एवढेच शिकवू नका. त्या वर्गातील एखादी मुलगी उद्या मोठी होईल, मार खात असेल, आणि तेच वाक्य आठवून गप्प बसेल. मार खाणाऱ्या बहिणीला "हा तुझा वधस्तंभ" असे सांगणारे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. त्यात तिला वेठीस धरणाऱ्याची सोय होते, आणि सांगणाऱ्याचीही, कारण मग त्याला काही करावे लागत नाही.

ती बहीण रात्री मुलाला कडेवर घेऊन दार वाजवते. दार उघडले तर तिचा नवरा उद्या भांडायला येणार, गल्लीत बोलणे होणार, आणि मंडळीतला तो देणगीदार असेल तर कमिटीतही. आत तिच्यासाठी जागा करायची आहे, आणि वधस्तंभ कोणी उचलायचा हा प्रश्न त्या घटकेला दाराच्या आतल्या माणसापुढे असतो.