कान्होबांचा शोक आणि रिकामी कबर

२०२४ साली तुकाराम बीज २७ मार्चला, बुधवारी आली आणि ईस्टर त्याच आठवड्यात, ३१ तारखेच्या रविवारी. दोन्ही दिवस पौर्णिमेवरून ठरतात, त्यामुळे काही वर्षी ते असे शेजारी येऊन बसतात. देहूत बीजेला दिंड्या उतरतात, वैकुंठगमन मंदिराच्या आवारात नांदुरकीच्या झाडाखाली पाय ठेवायला जागा उरत नाही आणि १२ वाजून २ मिनिटांनी हजारो हात झाडाच्या दिशेने फुलं उधळतात. त्या साली चारच दिवसांनी देहूरोड आणि पिंपरी-चिंचवडच्या चर्चमधून पहाटेची उपासना झाली आणि येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

अशा दिवसांत एक प्रश्न हटकून येतो. विचारणारी मुलं बहुधा चाकण-तळेगावच्या कारखान्यांतली, दिवसभर मापं तपासून माल पास की रिजेक्ट ते ठरवणारी. ‘काका, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले हे काही आम्हाला पटत नाही. मग मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला हे तुम्हाला कसं पटतं?’ प्रश्न रास्त आहे आणि मराठीत तो जुनाही आहे. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना भर लोकांत असेच खडे सवाल करत होते, आणि जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्या वादाचं पुस्तकही काढलं. श्रद्धेची गोष्ट आहे, विचारू नकोस, असं उत्तर मी या मुलांना देत नाही. कारण माझी श्रद्धाच मला ते देऊ देत नाही.

तुकोबांच्या वैकुंठगमनाचा निवाडा मी करणार नाही. तो माझ्या शेजाऱ्यांचा ठेवा आहे आणि तुकोबांचं माझ्यावरही ऋण आहे. मी फक्त माझ्या बाजूचं सांगतो. आमचा दावा असा: पंतय पिलात नावाच्या रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत येरुशलेमच्या वेशीबाहेर एका माणसाला वधस्तंभावर ठार मारलं, त्याला पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत उठून आपल्या माणसांना भेटला. वधस्तंभाबद्दल जाणकारांत वाद नाही. ख्रिस्ती लोकांना तुच्छ लेखणाऱ्या टॅसिटस या रोमी इतिहासकारानेही पिलाताने दिलेल्या त्या देहदंडाची नोंद केली आहे. वाद आहे तो तिसऱ्या दिवसाचा. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात या वादात आपलं सगळं पणाला लावलं. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ आणि आम्ही देवाचे खोटे साक्षीदार ठरतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. इतक्या उघडपणे स्वतःला तपासणीला देणारा धर्मग्रंथातला मजकूर वाचला की मला धीर येतो.

ते पत्र साधारण इसवी सन ५३ ते ५५ च्या दरम्यानचं. येशूचा मृत्यू इसवी सन ३० किंवा ३३ चा. मधलं अंतर वीस-पंचवीस वर्षांचं. देहूत कुठल्याही आळीत जा, पंचवीस वर्षांपूर्वीची वारी तपशिलासकट सांगणारी माणसं भेटतील. तितकंच ते अंतर. या पत्रात पौल साक्षीदारांची यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेंहून अधिक बंधू, मग याकोब, मग सगळे प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, हेही तो जोडतो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. ही यादी पौलाने स्वतः रचलेली नाही, आपल्याला मिळालं ते मी तुम्हाला सोपवलं असं तो म्हणतो. पेत्राला आणि येशूचा भाऊ याकोब याला तो येरुशलेमात स्वतः भेटलाही होता. शतकभर तोंडोतोंडी फुगत गेलेली ही दंतकथा नव्हे, एवढं तरी कोणत्याही प्रामाणिक शंकेखोराला मान्य करावं लागतं.

आणि चांगले शंकेखोर ते मान्य करतात. गेर्ड ल्यूडेमान हा जर्मन अभ्यासक पुनरुत्थान नाकारणारा, पण येशू दिसल्याचा अनुभव शिष्यांना आला होता हे त्याने नाकारलं नाही. दुःखाने आणि अपराधाच्या ओझ्याने पेत्राला भास झाला, इतरांना त्याचा संसर्ग झाला, असं त्याचं म्हणणं. सगळ्या आक्षेपांत मला हाच वजनदार वाटतो, आणि त्याचा विचार करायला देहूइतकी चांगली जागा नाही.

कारण गेलेल्या गुरूचं दर्शन ही गोष्ट आपल्याकडे अपरिचित नाही. पिंपळनेरच्या निळोबांनी तुकोबांचा ध्यास घेतला आणि तुकोबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना तुकोबांचं दर्शन घडलं, असं वारकरी परंपरा सांगते. त्याआधी, तुकोबा हयात असतानाच, बहिणाबाईंना त्यांचा अनुग्रह स्वप्नात झाला होता. या दर्शनांतून काय निघालं? अभंग निघाले, शिष्यपरंपरा निघाली. बहिणाबाईंनी स्वप्नाला स्वप्नच म्हटलं. तुकोबा देहाने परत आले, इंद्रायणीकाठी आपल्यासोबत जेवले, असं निळोबा म्हणाले नाहीत. ज्यांना दर्शन होतं त्यांना ते दर्शन आहे हे कळतं.

त्याहून जवळचा साक्षीदार म्हणजे तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा. तुकोबा गेल्यावर त्यांनी केलेले अभंग गाथेत छापलेले आहेत. ते वाचताना घशाशी येतं. हा भाऊ विठोबाला धारेवर धरतो, त्याला नाही नाही ते बोलतो, माझा भाऊ मला परत दे म्हणून हट्ट धरून बसतो. भाऊ वैकुंठाला गेला ही श्रद्धा भोवती असतानाही घरातली जागा रिकामी झाली ती झालीच. प्रेमाच्या माणसाचा शोक असा असतो. पेत्र, योहान आणि मग्दालीया मरिया यांचा शोकही असाच व्हायला हवा होता. यहुदी परंपरेत तर विलापगीतांना तोटा नव्हता. येशूवरचं एखादं विलापगीत, गुरूच्या वचनांचा संग्रह, वर्षाची पुण्यतिथी, एवढं झालं असतं तर ते अगदी स्वाभाविक होतं. शिष्यांचा शोक मात्र तिसऱ्या दिवशी थांबला. येशूवर रचलेलं विलापगीत नव्या करारात एकही नाही.

शिवाय ते जे बोलू लागले ते त्यांच्या परंपरेने त्यांच्या हाती दिलेलं नव्हतं. जगाच्या शेवटी सगळे नीतिमान एकत्र उठतील, असं त्या काळचे बरेच यहुदी मानत. इतिहास मध्यावर असताना एकच माणूस उठेल, आणि तोही रोमी सुळावर शापित मरण पावलेला, असं कुणीच मानत नव्हतं. भास झाला असता तर आत्मा दिसला, देवदूत दिसला असं म्हणायची सोय होती. लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांना पहिल्या क्षणी नेमकं तेच वाटतं, की हे भूत आहे. मग तो हातपाय दाखवतो, खायला काही आहे का विचारतो, भाजलेल्या माशाचा तुकडा घेतो आणि त्यांच्यासमोर खातो. त्या माशापाशी मी दर वेळी थबकतो. तेजोवलय नाही, आकाशवाणी नाही. रोजच्या जेवणातला एक घास आहे.

शुभवर्तमानांत फरक आहेत हे खरं. कबरीपाशी मार्क तीन स्त्रिया सांगतो, मत्तय दोन, योहान एका मरियेची गोष्ट सांगतो. या फरकांवर पांघरूण घालणाऱ्या प्रवचनांचा मला कंटाळा येतो. चौघांचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि ती गोष्ट त्यांच्या गैरसोयीची होती: पहिली बातमी बायकांनी आणली. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असं योसेफस हा त्याच शतकातला यहुदी इतिहासकार लिहितो. रचून सांगायचं असतं तर पेत्राला पुढे केलं असतं. उलट पुरुषांना त्या बायकांचं बोलणं बरळणं वाटलं, हेही लूकने लिहून ठेवलं. थोमा नावाचा शिष्य आठवडाभर मानायला तयार नव्हता. गालीलच्या डोंगरावर प्रत्यक्ष दर्शनाच्या वेळीही काहींना शंका आली, असं मत्तय सांगतो. म्हणून शंका घेणाऱ्याला आमच्याकडे परका मानायचं कारण नाही, तो पहिल्या दिवसापासून आमच्या पंगतीत आहे.

राहता राहिली कबर. देहूहून इंद्रायणीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की आळंदी. १२९६ साली ज्ञानोबांनी तिथे समाधी घेतली आणि सातशे वर्षं माणसं तिथे माथा टेकतात. येरुशलेमातही संदेष्ट्यांच्या कबरी सजवायची रीत होती. येशूच्या कबरीवर मात्र पहिल्या पिढीने यात्रा भरवल्याची नोंद मिळत नाही. तिथे मोठं मंदिर उभं राहिलं ते कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात, चौथ्या शतकात. यावर कुणी म्हणेल, देहूतही तुकोबांची समाधी नाहीच. बरोबर आहे, म्हणून एवढ्या एका गोष्टीवर मी सगळा भार टाकत नाही. पण शिष्यांनी प्रेत चोरलं ही विरोधकांची कुजबुज मत्तयने नोंदवली आहे, आणि प्रेत चोरलं म्हणणारा माणूस कबर रिकामी होती हे कबूल करूनच बोलतो.

एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध झालं का? प्रयोगशाळेत होतं तसं नाही. पिन्हास लापीदे या सनातनी यहुदी अभ्यासकाने येशूचं पुनरुत्थान घडलेली घटना म्हणून स्वीकारलं आणि तरीही तो ख्रिस्ती झाला नाही. पुरावा माणसाकडून नाकारण्याची सबब काढून घेतो, प्रेम करायला लावत नाही.

नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते पुढे सांगत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात कोसळला. त्यांच्याएवढा हक्काचा शंकेखोर टिळकांना दुसरा मिळाला नसेल. त्या वाद हरून ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी जातिभेदाचा विटाळ त्यांच्या मनातून गेला, मग बाकीचं हळूहळू आलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या पाच वर्षांची किंमत ठाऊक आहे.

म्हणून माझ्या मंडळीतल्या बंधुभगिनींना मी सांगतो: प्रश्न विचारणाऱ्यावर चिडू नका, आणि आपला रविवार उजळ दिसावा म्हणून शेजाऱ्याच्या बीजेला नावं ठेवू नका. आणि चाकणच्या माझ्या मुलांनो, तुम्ही माल हातात घेतल्याशिवाय रिजेक्टचा शिक्का मारत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय ५८ वचनांचा आहे. पहिल्या पाळीची बस यायच्या आत वाचून होतो. वाचा, आणि मग वाद घालायला घरी या.