सहीचा रकाना

गेल्या वर्षी जुलैमधली गोष्ट. सोमवार होता, पहिला तास. आठवीच्या वर्गात रोजनिशा तपासताना एका मुलाची वही उघडली, तर त्याने थेट शुक्रवारपर्यंत 'अभ्यास पूर्ण' लिहून पुढे बरोबरच्या खुणाही करून ठेवल्या होत्या. मी ती वही उंच धरून वर्गाला दाखवली. "याला पुढचं सगळं आधीच कळतं," म्हणाले. पोरं हसली. तो मान खाली घालून उभा राहिला आणि तास संपेपर्यंत मी त्याला बस म्हटलं नाही.

त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर मी माझी टाचणवही काढली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि तीन आठवड्यांची पानं कोरी होती. 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ' हा धडा शिकवून झाला होता, मनापासून शिकवला होता. पण उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापनाचे प्रश्न यांतलं काही वहीत नव्हतं. सगळी पानं एका शाईची दिसू नयेत म्हणून दोन पेनं घेतली आणि मागच्या तारखा टाकत साडेबारापर्यंत लिहीत बसले. एका रेखांशाच्या फरकाने स्थानिक वेळ चार मिनिटांनी बदलते, हे मुलांना कसं समजावणार आहे ते मी समजावून झाल्यावर पंधरा दिवसांनी लिहिलं. काळाचा धडा, आणि तारखा खोट्या.

त्याने पुढच्या तारखा भरल्या, मी मागच्या. मला सही मिळाली.

हे मला त्याच रात्री टोचलं असं लिहावंसं वाटतं, पण ते खरं नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली. टोचलं ते फेब्रुवारीत, नव्या वर्षाच्या रोजनिशीचा नमुना करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा. जुनं पान समोर ठेवलं. रकाने होते विषय, गृहपाठ, पूर्ण झाल्याची खूण, पालकांची सही, वर्गशिक्षकांची सही. दोन मोठ्या माणसांच्या सह्यांना जागा होती. 'झालं नाही' हे लिहायला कुठेच नव्हती. अभ्यास राहिलेल्या मुलाने करायचं काय? रकाना कोरा ठेवून बोलणी खायची, नाहीतर खूण करायची. त्यात आठवडाभर पान भरलेलं असलं की मी चांदणी देत असे. मी अभ्यास तपासत नव्हते, खुणा तपासत होते. त्याने खुणा दिल्या.

मी छडीला कधी हात लावला नाही, याचा मला अभिमान होता. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक त्रासालाही मनाई करतं. ते मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण त्यातला अर्धाच भाग स्वतःला लावून घेतला होता. त्याच कायद्यात शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत तयारीचा वेळही धरलेला आहे. माझा तो वेळ याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जात होता. हे कारण खरं आहे, आजही खरं आहे. पण स्वतःसाठी कारण शोधायला मला क्षणही लागला नाही, आणि त्या मुलाला मात्र "का रे, घरी वेळ मिळत नाही का?" एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

रोजनिशी कशासाठी, हेच मी विसरले होते. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की अपुरं काम डोक्यात घोळत राहतं, आणि ते कधी, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम व्हायच्या आधीच, ते घोळणं कमी होतं. म्हणजे वही मुलाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला असते. माझ्या वर्गात तिने ते वाढवलं.

यंदाच्या पानावर मी खुणेचा रकाना काढून 'राहिलं, आता कधी?' असा ठेवला आहे. गृहपाठ सांगितला की तिथल्या तिथे लिहायचा, घंटेनंतर नाही. नुसतं 'भूगोल' नाही, 'नकाशाची बाह्यरेषा काढणे' असं, हातात पेन्सिल घेता येईल इतकं बारीक. प्रकल्प असेल तर द्यायच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. काही मुलं अजूनही राहिलेलं लपवतात. माझा राग त्यांनी पाहिलेला आहे. नुसता रकाना बदलून तो विसरला जाणार नाही.

तो मुलगा आता नववीत आहे. जिन्यात रोज दिसतो, "नमस्ते बाई" म्हणतो. मी अजून त्याच्याशी बोललेले नाही. वर्गासमोर केलेला अपमान जिन्यात एकट्याला गाठून फिटत नाही, हे मला कळतं, आणि त्याच्या वर्गात जाऊन बोलायचं धैर्य मी अजून गोळा करते आहे.

या आठवड्यात मंगळवार आणि बुधवारचं माझं टाचण राहिलं. दोन्ही पानांवर 'टाचण काढले नाही' असं लिहून खाली आजची, खरी तारीख घातली आहे. उद्या शनिवार, वही सहीसाठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाईल.