सातांपैकी तीन

आरियान ४ या युरोपीय रॉकेटात एक पेटी असायची. रॉकेटचं तोंड कुठे आहे, ते कुठल्या दिशेला किती वेगाने चाललंय, हे जायरो आणि त्वरणमापकांवरून मोजून मुख्य कॉम्प्युटरला कळवत राहणं हे तिचं काम. पेटीतही एक छोटा कॉम्प्युटर होता. त्याचा प्रोग्राम अडा भाषेत लिहिलेला, आणि अडा ही भाषा भारी काटेकोर. आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही तर ती चालवून घेत नाही, तिथल्या तिथे हरकत घेते.

प्रोग्राम तपासताना अभियंत्यांना दिसलं की सात व्हेरिएबल्सवर, म्हणजे आकडे साठवायच्या नाव दिलेल्या जागांवर, अशी हरकत येऊ शकते. मोजमाप व्हायचं ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट आकड्यांत, आणि पुढे कुठेकुठे ते १६ बिटांच्या पूर्णांकात उतरवलं जायचं. चिन्हासकट १६ बिटांत ३२,७६७ च्या वर काही बसत नाही. घागरीतलं पाणी तांब्यात ओतायचं तर ओतण्याआधी अंदाज घ्यावा लागतो, तशी तपासणी सातही ठिकाणी घातली असती तर प्रश्नच मिटला असता. पण प्रत्येक तपासणीला वेळ लागतो, आणि पेटीच्या कॉम्प्युटरवर ८० टक्क्यांहून जास्त भार पडू द्यायचा नाही असं ठरलेलं होतं.

मग मधला मार्ग निघाला. चार व्हेरिएबल्सना संरक्षण दिलं, तीन तशीच ठेवली. उरलेल्या तिघांचे आकडे एक तर निसर्गतःच मर्यादेत राहतात, नाही तर मर्यादेपासून फार लांब असतात, असा युक्तिवाद झाला. निर्णय एकट्यादुकट्याचा नव्हता. प्रकल्पातल्या भागीदारांनी वेगवेगळ्या पातळ्यांवर मिळून तो घेतला होता. त्या तिघांत एक व्हेरिएबल होतं ‘बीएच’, रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित.

हा निष्काळजीपणा नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. आरियान ४ च्या वेगाला ३२,७६७ ची जागा ऐसपैस होती. रॉकेटं उडत राहिली, पेटी कधी कुरकुरली नाही.

पुढे आरियान ५ आलं. रॉकेट मोठं, ताकद जास्त, उड्डाणाचा मार्गही निराळा. पेटी मात्र जवळजवळ तीच, विशेषतः तिचा प्रोग्राम. जे नीट चाललंय त्याला कशाला हात लावा, हा विचार कुठल्याही कारखान्यात शहाणपणाचाच मानतात. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे पेटीच्या अपेक्षांच्या दस्तऐवजात घालायचे नाहीत, हेसुद्धा सगळ्यांच्या संमतीनेच ठरलं. गोष्टीतला खरा पेच मला इथे दिसतो. पेटी काय देणार हे कागदावर होतं. तिला कुठवर झेपेल हे नव्हतं.

त्यात आणखी एक जुनं लोढणं. जमिनीवर पेटीची दिशा जुळवून घेण्याचं काम उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहायचं. आरियान ४ च्या जुन्या आवृत्तीत उलटमोजणी अगदी शेवटच्या क्षणी थांबली तर ती पुन्हा पटकन सुरू करता यावी, म्हणून ही सोय केलेली. १९८९ साली एकदा ती उपयोगीही पडली होती. आरियान ५ ला तिची गरज नव्हती. तरी ती राहिली, आणि ‘बीएच’चा हिशेब नेमका याच कामासाठी व्हायचा.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातलं कुरूचं अवकाशतळ. दृश्यमानता कमी म्हणून साधारण तासभर उशीर झाला आणि सकाळी ९ वाजून ३३ मिनिटांनी आरियान ५ पहिल्यांदा वर झेपावलं. पोटात ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह होते, पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करणारे. नव्या रॉकेटचा आडवा वेग आरियान ४ च्या पाचपट झपाट्याने वाढत होता. सदतिसाव्या सेकंदाच्या आसपास ‘बीएच’ तांब्याबाहेर गेलं.

अडाने हरकत घेतली. हरकत आली की तक्रार नोंदवायची आणि पेटी बंद करायची, असा नियम होता. तो पाळला गेला. सावधगिरी म्हणून अशा दोन पेट्या होत्या. पण दोघींत प्रोग्राम एकच, म्हणजे खोटही एकच. आधी राखीव पेटी बंद पडली आणि सेकंदाचा दहावा भाग उलटायच्या आत मुख्यही. मुख्य पेटीने बंद पडताना बिघाडाच्या तपशिलाचे बिट मुख्य कॉम्प्युटरकडे पाठवले. कॉम्प्युटरला ते उड्डाणाचे आकडे वाटले. तक्रारीचा कागद त्याने नकाशा म्हणून वाचला म्हणा ना! नसलेलं वळण सरळ करायला त्याने इंजिनांची तोंडं पूर्ण फिरवली. रॉकेट एकदम तिरकं झालं, हवेच्या दाबाने बूस्टर निखळू लागले आणि स्वतःला उडवून देण्याची यंत्रणा सुरू झाली. सुमारे ३,७०० मीटर उंचीवर सगळं संपलं.

अवशेष पडले खारफुटीच्या दलदलीत आणि गवताळ माळावर, सुमारे पाच किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद पट्ट्यात. तिथे शोधणं अवघड, पण दोन्ही पेट्या सापडल्या, आणि शेवटी बंद पडलेल्या पेटीच्या मेमरीतून काय घडलं ते वाचता आलं. गणितज्ञ जाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने १९ जुलैला अहवाल दिला. तीन व्हेरिएबल्स उघडी का ठेवली, याचं कारण प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेलं आढळलं नाही. कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. ढीगभर कागदपत्रांत ते गडप झालं होतं.

योगायोग असा की त्याच १९९६ साली आयएसओ आणि आयईसी या संस्थांनी ११४०४ क्रमांकाचं मानक काढलं: कुठल्याही एका प्रोग्रामिंग भाषेला न बांधलेले डेटा टाइप, म्हणजे आकडा, अक्षर, वेळ अशा माहितीच्या प्रकारांची वर्णनं. विषय ऐकूनच जांभई यावी असा. दुखणं मात्र खरं. पूर्णांक सगळ्याच भाषांत असतो, पण सी भाषेतला ‘इंट’ किमान १६ बिटांचा, पुढे किती ते कंपायलरच्या मर्जीवर. पायथनचा पूर्णांक मेमरी पुरेल तितका वाढतो. जावास्क्रिप्टमधला नेहमीचा आकडा फ्लोटिंग पॉइंट असल्यामुळे सुमारे ९,००७ लाख कोटींच्या पुढे त्याला एकेक पूर्णांक अचूक धरता येत नाही. ट्विटरवरच्या संदेशांचे क्रमांक या हद्दीपलीकडे जायची वेळ आली, तेव्हा तोच क्रमांक एकदा आकडा म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून असा दोनदा पाठवावा लागला.

भाषांनी आपले टाइप बदलावेत असं मानक म्हणत नाही. मधे एक सामाईक वर्णन ठेवून प्रत्येक भाषेने आपला टाइप त्याच्याशी कसा जुळतो ते एकदा सांगावं, एवढंच त्याचं मागणं. दहा भाषांनी आपापसांत दोघादोघांचे करार केले तर ४५ होतात. मधल्या वर्णनाशी केले तर दहात भागतं. त्या वर्णनात पूर्णांक म्हणजे गणितातला, अमर्याद. तो तोकडा करायचा असेल तर कुठून कुठवर ते लेखी द्यायचं. वास्तव संख्या म्हटली की अचूकता सांगायची, वेळ म्हटली की एकक, अक्षर म्हटलं की कुठल्या अक्षरसंचातलं. आरोग्याच्या नोंदींसाठी २०११ मध्ये आलेलं आयएसओ २१०९० हे मानक आणखी पुढे जातं: रकाना रिकामा असेल तर रुग्णाला विचारलंच नाही, की विचारूनही कळलं नाही, हेही नोंदवायची जागा त्यात आहे.

११४०४ आधी आलं असतं तर रॉकेट वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. पेटीत भाषा एकच होती, आणि मर्यादा लिहायची सोय अडात मुळातच आहे. पण समितीत बसून स्वल्पविरामावर तासभर वाद घालणाऱ्या मंडळींना हसण्याआधी ही गोष्ट आठवावी. ते भांडत असतात ते बहुधा न लिहिलेल्या मर्यादेसाठीच.

लियों मंडळाने १४ शिफारशी केल्या. उड्डाण होताच जुळवणीचं काम बंद करा, ही त्यांतली पहिली. आणखी एक अशी: प्रोग्रामकडे जितकं लक्ष देता तितकंच तो तसा का लिहिला हे सांगणाऱ्या कागदांकडेही द्या, आणि दोन्ही एकमेकांशी जुळते ठेवा.