हरलेल्या सत्तावीस जणांचा हिशेब

पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात एटीपी २५० दर्जाची टेनिस स्पर्धा भरत असे. २०२१ साल तेवढे कोरोनाने खाल्ले. पुरुष एकेरीच्या मुख्य फेरीत २८ खेळाडू असत. आठवडा सरला की एकाच्या हातात करंडक आणि उरलेले २७ जण हरलेले. बाद पद्धतीत याहून वेगळे काही होऊ शकत नाही. वर्तमानपत्रात फोटो त्या एकाचा येतो, आणि तो यावाच. पण स्पर्धेची व्यवस्था किती शहाणी आहे हे जोखायचे असेल तर नजर त्या २७ जणांवर ठेवावी. हरल्यावर त्यांच्या पदरात काय पडते?

दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन २०१८च्या जानेवारीत बालेवाडीला अंतिम सामना खेळला आणि फ्रान्सच्या जिल सिमोनकडून सरळ दोन सेटमध्ये हरला. पण तो रिकाम्या हाताने गेला नाही. उपविजेत्याचे १५० गुण त्याच्या खात्यात जमा झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोचला आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा बालेवाडीत हजर झाला. या वेळी समोर ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच होता. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले आणि अँडरसन जिंकला. एका वर्षाचा उपविजेता दुसऱ्या वर्षी विजेता झाला. यात त्याची जिद्द होती हे खरेच, पण मधल्या वर्षात त्याचा पराभव व्यवस्थेने नोंदवून ठेवला होता हेही तितकेच खरे.

त्या वर्षांत या दर्जाच्या स्पर्धेत विजेत्याला २५० गुण मिळत, उपविजेत्याला १५०, उपांत्य फेरीत हरलेल्याला ९०, उपउपांत्य फेरीत हरलेल्याला ४५, आणि त्याआधीच्या फेरीत बाद झालेल्याला २०. पहिल्याच सामन्यात हरलेल्याला गुण नसले तरी बक्षिसाच्या रकमेतला वाटा मिळे. हे गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेला खेळाडूही दारातच थांबतो. आतल्या कोणी ऐनवेळी माघार घेतली तर त्याला घेतात. त्याला ‘लकी लूझर’ म्हणतात. दुखापतीने सहा महिने किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलेल्याला जुन्या क्रमवारीच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश मागता येतो. म्हणजे सामना निर्दय असला तरी त्याभोवतीचे नियम माणसाला एका दिवसावरून निकालात काढत नाहीत.

हे नियम आभाळातून पडले नाहीत. १९७२ साली खेळाडूंनी एटीपी ही संघटना उभारली आणि ऑगस्ट १९७३ मध्ये संगणकावरची पहिली क्रमवारी निघाली. तोवर कोणाला खेळू द्यायचे यात आयोजकांची मर्जी आणि खेळाडूचे नाव यांना फार वजन होते. त्यानंतर नावाऐवजी कामगिरी मोजली जाऊ लागली, आणि कामगिरीत अर्धवट यशही धरले गेले.

आता मेळघाटात या. धारणीच्या पोरांचा टेनिस हा खेळ नव्हे. कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट चालते. पण एकेरीची बाद स्पर्धा ही पोरे-पोरी वर्षानुवर्षे खेळत असतात. तिचे नाव भरती. उजाडायच्या आत बऱ्हाणपूरच्या रस्त्याने धावणारी पोरे दिसतात. एक जण मोबाइलवर वेळ लावून कडेला उभा, बाकीचे दम खात वाकलेले, कोणाच्या पायात बूट तर कोणाच्या पायात नुसते मोजे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचे आणि ७.२६ किलोचा गोळा फेकायचा असतो. मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. मैदानी चाचणीचे गुण ५०, पुढे लेखी १००. वनरक्षक भरतीत मुलांना ५ किलोमीटर धावून शिवाय २५ किलोमीटर चार तासांत चालून दाखवावे लागते. जंगलात वाढलेल्या कोरकू पोराला चालायचे काय शिकवावे! अडते ते बहुधा लेखी परीक्षेत, एखाद-दोन गुणांनी.

आणि मग गावात एकच प्रश्न : “लागला का?” उत्तरही एकच, हो किंवा नाही. दोन गुणांनी हुकलेला आणि मैदानावर गेलाच नाही असा, दोघे त्या उत्तरात सारखेच. हुकलेल्याने १६०० मीटर किती वेळात कापले, गोळा किती लांब टाकला, हे सरकारनेच मोजलेले असते. निकाल लागला, की प्रतीक्षा यादी सोडली तर ते मोजमाप कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही. पुढची जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, आणि वय थांबत नाही. टेनिसपटू सोमवारी दुसऱ्या गावी पुन्हा खेळतो. भरतीत हरलेल्याचा सोमवार कधी दोन वर्षांनी येतो.

यावर कोणी म्हणेल, टेनिसचे एवढे गोडवे नकोत. बरोबर आहे. त्या शिडीची पहिली पायरी पैशाची आहे. २०२३च्या पुण्याच्या स्पर्धेत आयोजकांच्या मर्जीचा थेट प्रवेश मिळालेला सुमित नागल पहिल्याच फेरीत हरला. त्याच वर्षी, देशातला अव्वल एकेरी खेळाडू असताना, त्याने सांगितले की खात्यात जेमतेम ९०० युरो उरले आहेत. पण पुढचेही पाहा. २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आत शिरला आणि मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. शिडी महाग होती, पण मोडलेली नव्हती. पुण्याचीच पायरी मात्र निखळली. २०२३ मध्ये १५ वर्षांच्या मानस धामणेला घरच्या मैदानावर मायकल ममोहसमोर उभे राहता आले. तो हरला, पण जगातला वेग त्याने अंगावर घेतला. त्यानंतर ही स्पर्धा पुण्यात झाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुण जपून ठेवल्याने जागा वाढत नाहीत. शंभर जागांना शंभरच लागणार. मान्य. पण पराभवाची नोंद ठेवणे आपल्या व्यवस्थेला परके नाही. अभियांत्रिकीच्या गेट परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात. केंद्रीय लोकसेवा आयोग मुलाखतीपर्यंत जाऊन हुकलेल्यांची माहिती त्यांच्या संमतीने इतर संस्थांना खुली करतो. ही सोय अभियंत्यांना आणि होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांना आहे. शिपाई आणि वनरक्षक होऊ पाहणाऱ्यांना का नसावी?

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. मैदानी चाचणीचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरा आणि तसे प्रमाणपत्र हातात द्या. मेळघाटात व्याघ्र प्रकल्पाला दर उन्हाळ्यात वणवा विझवायला अंगारी लागतात, बारमाही गस्तीला वनमजूर लागतात, पर्यटनाला वाटाडे लागतात. चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवलेल्या पोराला या कामांत पहिला हक्क दिला, तर सरकारने एकदा केलेले मोजमाप वाया जात नाही आणि त्या पोराची दोन वर्षेही जात नाहीत. नोकरी जागा असतील तेवढ्यांनाच मिळेल, हे कोणी बदलू शकत नाही. उरलेल्यांनी किती धाव घेतली ते लक्षात ठेवायचे की पुसून टाकायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि सध्या आपण पुसत आहोत.