दीड रुपयाची मालकी

ॲपवर बोट टेकवलं की झालं, इतकं ते सोपं असतं. ‘इमर्जिंग मार्केट्स’ असं नाव असलेला फंड, महिना 3,000 रुपये, एसआयपीची तारीख 5. गेल्या दिवाळीत मी त्या बटणापर्यंत पोचले होते. आई शेजारी बसून फराळाचे डबे भरत होती. तिनं विचारलं, “हे पैसे जाणार कुणाकडे?”

मी म्हटलं, “चीन, तैवान, कोरिया, ब्राझील, सौदी…”

“देश नाही गं. कुणाकडे?”

आईचा हा प्रश्न भिशीतून आलेला आहे. मी लहान असताना आमच्या वाड्यात बारा बायकांची भिशी होती, महिना शंभर रुपये. एका वर्षी एक नवी बाई यायचं म्हणाली. तिचा नवरा मटक्याचे आकडे घ्यायचा. तिला घ्यायचं की नाही यावरून बायका दिवेलागणीपासून जेवणं गार होईपर्यंत भांडल्या. हे शंभर रुपये आपल्याच घरातून गेलेले असणार, असं एकीचं म्हणणं. आई म्हणाली, त्याच पैशावर तिची पोरंही शाळेत जातात. शेवटी तिला घेतलं, आणि दोघी जणी त्याच रात्री भिशीतून बाहेर पडल्या. त्यातल्या एकीचा नवरा दर महिन्याचा पगार त्या अड्ड्यावर घालवून यायचा.

कोण बरोबर होतं ते मला आजही ठरवता येत नाही. पण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्या बायकांना माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळे त्यांना भांडावं लागलं. मी वापरते त्या ॲपमध्ये भांडायची सोय नाही. तिथे फक्त ‘जोखीम : अति उच्च’ असं लाल काट्याचं एक मीटर आहे, आणि ती जोखीम माझ्या पैशाची आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

नावापासूनच सगळं गुळगुळीत केलेलं आहे. 1981 साली जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसी या संस्थेत काम करणारे अँटोइन व्हॅन अग्टमेल ‘तिसऱ्या जगाचा इक्विटी फंड’ अशी कल्पना घेऊन न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांकडे गेले. कल्पना चांगली आहे, पण या नावानं ती कोण घेणार, असं त्यांना सुनावण्यात आलं. तिसरं जग म्हटलं की दारिद्र्य डोळ्यापुढे येतं. मग त्यांनी ‘इमर्जिंग मार्केट्स’ हे नाव काढलं. उगवत्या बाजारपेठा. देश तेच आणि माणसंही तीच, नावातली माणसं तेवढी गेली. (अग्टमेल यांचा हेतू वाईट नव्हता. या देशांना भांडवल हवंच होतं आणि आजही हवं आहे.)

या नावाचा सगळ्यात प्रसिद्ध निर्देशांक एमएससीआयचा, 1988 पासूनचा. आज त्यात 24 देश आहेत आणि हजारावर कंपन्या. चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चौघांचाच वाटा सत्तर टक्क्यांच्या वर. 2018 पासून चीनमधले स्थानिक शेअरही त्यात येऊ लागले. त्यांत हाइकव्हिजन ही कॅमेरे बनवणारी कंपनी होती. शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांवर पाळत ठेवण्यात तिचा हात असल्याचं सांगून अमेरिकेनं ऑक्टोबर 2019 मध्ये तिला काळ्या यादीत टाकलं. कंपनी निर्देशांकात राहिली. ती काढायचं ठरलं डिसेंबर 2020 मध्ये, कारण अमेरिकी गुंतवणूकदारांना तिचे शेअर घ्यायला मनाई करणारा हुकूम तोवर निघाला होता. मार्च 2022 मध्ये रशियाला काढलं तेही युक्रेनवर हल्ला केला म्हणून नव्हे, तिथले शेअर परक्यांना विकता येईनासे झाले म्हणून. दार लागलं की निर्देशांक बाहेर पडतो. आत काय चाललंय हे बघणं त्याचं कामच नाही.

आता हिशोब करू. समजा अशा एखाद्या कंपनीचा निर्देशांकातला वाटा 0.05 टक्के आहे. म्हणजे माझ्या 3,000 रुपयांतला दीड रुपया. तोही त्या कंपनीकडे जात नाही. बाजारात आधीपासून असलेला शेअर कुणीतरी विकतो, माझा फंड घेतो, पैसे विकणाऱ्याला मिळतात. मी घेतला नाही तर दुसरा कुणी घेईल. कॅमेरा जिथे आहे तिथेच राहील. हा युक्तिवाद मी बरेच दिवस स्वतःला ऐकवला आणि त्यात चूक सापडली नाही. फक्त नफ्याच्या बाजूनं बघितलं की तो लंगडतो. कंपनीला मोठं कंत्राट मिळालं, शेअर चढला, तर माझ्या दीड रुपयाचे दोन होणार. ते दोन रुपये मी ‘माझे’ म्हणणार. मग कंत्राट तेवढं कुणाचं?

आणि हो, आमच्या सोसायटीच्या गेटवर याच कंपनीचा कॅमेरा आहे. तो स्वस्त पडतो म्हणून मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता.

तर मग घरचाच पैसा घरी ठेवावा? तेही तितकं सोवळं नाही. 2015 पासून भविष्य निर्वाह निधीचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये जातो. निफ्टीत आयटीसी आहे. म्हणजे मी एकही सिगारेट न ओढता आणि मला कुणी न विचारता सिगारेटच्या धंद्यात भागीदार झालेच आहे. शिवाय माझी नोकरी, फ्लॅट, पीएफ सगळं एकाच देशात आणि एकाच चलनात अडकलेलं. थोडं बाहेर ठेवणं शहाणपणाचं आहे, यावर माझी शंका नाही.

या आरशाची दुसरी बाजू मला उशिरा दिसली. इमर्जिंग मार्केट म्हणजे आपणही. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडासाठी 2004 पासून एक नीतिमत्ता समिती काम करते. कोणती कंपनी का वगळली हे कारणांसकट जाहीर होतं. 2007 मध्ये वेदांता रिसोर्सेस वगळली गेली, तिच्या भारतातल्या कामांमुळे झालेलं पर्यावरणाचं आणि आदिवासींचं नुकसान हे कारण देऊन. ऑस्लोतल्या कुणीतरी ओडिशातल्या माणसांबद्दल वाचलं, विचार केला आणि निर्णय घेतला. तो फंड स्वतः उत्तर समुद्राच्या तेलावर उभा आहे, हे त्यातलं कुसळ. तरी मला हेवा वाटला. आपल्या नफ्याच्या मागचं माणूस त्यांनी एकदा तरी नावानिशी बघितलं होतं.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. परंपरा पुढेही सांगते, तिकडे आपलं लक्ष जात नाही. अर्धी खतं त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. कुळांकडून येणं असलेला जेवढा पैसा त्यांचा स्वतःचा होता, तेवढाच त्यांनी सोडला. अख्ख्या सावकारीचा निकाल लावायला ते बसले नव्हते. माझ्यापुढे तर एक फंड होता.

भारतात मिळणारे या प्रकारचे फंड अनेकदा ‘फंड ऑफ फंड्स’ असतात. पैसे गोळा करून परदेशातल्या मोठ्या फंडात टाकतात. दर महिन्याला जाहीर होणारी यादी मी उघडली तर तिच्यात जवळजवळ एकच ओळ होती, लक्झेंबर्गमधल्या फंडाचं नाव. आतलं बघायचं तर त्या फंडाच्या पानावर जावं लागतं. खर्चही दोन ठिकाणचा, तो वेगळा. मी हजारभर कंपन्यांचा इंडेक्स फंड सोडला आणि मॅनेजर निवडून कंपन्या घेतो असा, तुलनेनं छोट्या यादीचा फंड धरला. परतावा कमी मिळेल कदाचित. पण ती यादी वाचून होण्यासारखी आहे.

एसआयपी 3,000 ऐवजी 1,000 ची सुरू केली. रविवारी दुपारी मी आईला यादीतलं एकेक नाव वाचून दाखवते आणि ते लोक काय करतात ते शोधून सांगते. तैवानची चिप बनवणारी कंपनी तिला आवडली. मग मुंबईच्या एका बँकेचं नाव आलं. “ही तर आपल्या चौकातली,” ती म्हणाली, “तिकडे जाऊन परत इकडेच?” मी हो म्हटलं. तिनं कपाळाला हात लावला.

आतापर्यंत पंधरा नावं झाली. सोळावी कंपनी खाणीची आहे. आई तिथे अडून बसली आहे, आणि मी तिला घाई केलेली नाही.