अपराध उंदराचा की आपला?

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत धर्मग्रामातील मुलांना घेऊन मी नागझिऱ्याला गेलो होतो. गोंदिया जिल्ह्यातील हे अरण्य १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मुलांना अर्थातच वाघ पाहायचा होता. दिसला तो एक रानउंदीर. वाटेच्या कडेने धावत आला आणि क्षणात बिळात नाहीसा झाला. मुक्कामाच्या जागी गवतात लोळू नका, स्क्रब टायफसचे भय आहे, असे मी आधीच बजावले होते. ते आठवून एक मुलगा म्हणाला, "फादर, रोग पसरवणारे हे सगळे उंदीर मारून का टाकत नाहीत?"

प्रश्न बालिश नव्हता. २०१८ च्या पावसाळ्यात याच विदर्भात स्क्रब टायफसने अनेकांचा बळी घेतला होता. माणसाच्या जिवापुढे उंदराच्या जिवाची काय किंमत, असे कुणालाही वाटेल.

परंतु या रोगात उंदराचा वाटा तरी किती? त्याचे जंतू माइट नावाच्या, गोचिडीच्या कुळातील अतिसूक्ष्म जीवाच्या देहात राहतात आणि अंड्यांवाटे मातेकडून पिलांकडे जातात. माइटची अळी आयुष्यात एकदाच एखाद्या प्राण्याच्या अंगावर पोट भरते. बहुधा तो प्राणी रानातला उंदीर असतो. कधी गवत कापणारा मजूर असतो. उंदीर अळीला पोसतो म्हणून माइट वाढतात हे खरे; पण हा पाहुणा त्याने बोलावलेला नसतो.

प्लेगची गोष्ट याहून बोलकी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरोघरी उंदीर मरून पडत होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोगाने दाखवले की, रोग पिसवांमार्फत पसरतो. पुढे १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत गिनीपिगांवर प्रयोग करून तेच सिद्ध केले. पिसवा नसतील तर रोगी प्राण्याच्या शेजारी राहूनही निरोगी प्राणी सुरक्षित राहत. पिसवा असतील तर तो मरे. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून दुसरा आसरा शोधतात. म्हणजे प्लेगच्या दिवसांत पिसवांचा बंदोबस्त न करता केवळ उंदीर मारत सुटलो, तर आपणच त्यांना आपल्या अंथरुणाची वाट दाखवतो.

प्रायश्चित्त साक्रामेंताच्या तयारीत आपण मुलांना शिकवतो की, जाणीव आणि संमती यांवाचून गंभीर पाप घडत नाही. उंदराला जाणीव नाही, संमतीही नाही. त्याला अपराधी ठरवणे सोपे जाते, कारण तो उलट उत्तर देत नाही. मात्र ही सवय उंदरापाशी थांबत नाही. साथ आली की आपण झोपडीतल्या, परप्रांतातल्या, परक्या वस्तीतल्या माणसाकडेही तसेच बोट दाखवतो.

उंदराचे आपल्यावर ऋणही आहे. १९४७ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर आणि उंदरांवर पारखले गेले. पुढच्याच वर्षी मलायात स्क्रब टायफसचे रुग्ण त्याने बरे झाले. असे प्रयोग करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने याचा विचार केला आहे. वाजवी मर्यादेत राहून मानवी प्राण वाचवण्यास साहाय्यभूत होणारे प्रयोग त्याने ग्राह्य मानले. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मात्र मानवी प्रतिष्ठेलाच बाधक ठरवले. मला हे पटते. परंतु त्यातून एक कर्तव्यही निघते. ज्या ज्ञानासाठी मुक्या जिवांनी मरण सोसले, ते ज्ञान ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, तर त्या यातनांचे समर्थन आपण कोणत्या तोंडाने करणार?

इथेच आपला अपराध सुरू होतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्या वेळेवर मिळाल्या तर स्क्रब टायफसचा रुग्ण सहसा बरा होतो. तरीही माणसे दगावतात. धानाच्या बांधीत राबणारी बाई ताप अंगावर काढते. दवाखाना दूर असतो. काखेत किंवा जांघेत अळी चावल्याची काळी, न दुखणारी खपली कुणी पाहतच नाही. ही खपली सर्वांनाच उठते असे नाही. म्हणून ताप आलेला माणूस गवतात वा शेतात वावरला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे.

परतताना मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "उंदराला त्याच्या रानात राहू दे. तू तुझ्या घरी काम करणाऱ्या मावशींना ताप आला, तर त्या दवाखान्यात गेल्या का, ते विचार." त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आणि त्यांच्याकडे पैसे नसले तर?"

हा प्रश्न मात्र त्याने आपणा सर्वांना विचारला आहे.